सागवानी फळ्यांची सहा घरं

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि तेही होऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. अक्षर वाईट आहे. ओळ उजवीकडे गेली की वर चढते, मग मी वही तिरकी करते, तर पुढची ओळ खाली उतरते. वही म्हणजे अंगणवाडीचं जुनं हजेरीपुस्तक आहे. मागची पानं कोरी होती, ती फुकट जाऊ नयेत म्हणून घेतली.

कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण माझं अंगणवाडीचं काम सुटलं तरी गावात अजून कोणीतरी विचारतं, "वहिनी, त्या चिमण्यांच्या घरांचं नक्की काय झालं व्हतं?" मला चारचौघांत बोलता येत नाही. जीभ टाळूला चिकटते. मी "काय नाय" म्हणते आणि पुढे जाते. ते "काय नाय" आज लिहून काढायचं ठरवलंय.

आमचं गाव कडावच्या पुढे. खाली भाताची खाचरं, वर डोंगराच्या पायथ्याला आदिवासी वाडी. अंगणवाडी दोन्हींच्या मधे, म्हणून दोन्हीकडची पोरं येतात. तिथे मी पंचवीस वर्षांच्या वर मदतनीस होते. बाहेरच्या माणसांना सेविका आणि मदतनीस यातला फरक कळत नाही. सेविका शिकवते, मोबाईलमध्ये माहिती भरते, मॅडम तपासणीला आल्या की उत्तरं देते. मदतनीस झाडते, पाणी भरते, खिचडी शिजवते, नाकं पुसते, आणि त्या सगळ्याच्या आधी पोरं गोळा करते. हे शेवटचं काम सोपं वाटतं, पण तीन वर्षांच्या पोराला सकाळी कुठे लपायचं ते चांगलं कळतं. अंगणवाडीतला ओमकार रोज म्हशीच्या गोठ्यात गवाणीमागे बसायचा. मी दारात उभी राहून मोठ्याने म्हशीला विचारायचे, "काय गं, ओमकार दिसला का?" आतून आवाज यायचा, "नाय दिसला."

वजन करायच्या दिवशी सगळ्यात जास्त गोंधळ. छताला काटा टांगलेला, त्याला चड्डीसारखी कापडी झोळी. पोराला झोळीत घातलं की ते पाय झाडतं, आणि काटा स्थिर होत नाही. मी विचारायचे, "वांगी काय भाव आज?" पोर रडता रडता म्हणायचं, "मी वांगं नाय." "मग कोण हायस?" "मी ओमकार." एवढं बोलेपर्यंत ते गप राहायचं आणि रजनीताई आकडा लिहून घ्यायच्या. रजनीताई आमच्या सेविका. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मला कधी अरेतुरे केलं नाही. पोरांसारखं मला मावशीच म्हणायच्या.

पोरांशी मी खूप बोलायचे. मोठ्या माणसांसमोर मात्र बंद. मॅडम आल्या की मी स्वयंपाकाच्या खोलीत पिंपामागे उभी. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून त्यांनी "चहा" हा एकच शब्द ऐकला असेल.

आता चिमण्यांचं.

अंगणवाडीची जुनी खोली कौलारू होती. तिच्या वाशांत चिमण्यांची घरटी असायची. पोरं जेवत असली की वरून काडी पडायची, कधी पीसही. मला त्याचा त्रास व्हायचा, कारण झाडायचं मलाच असे. मग नवीन खोली झाली. स्लॅबची, खाली फरशी, वर पंखा. सगळे खूश, मीसुद्धा. त्या वर्षी शिमग्यानंतर एक चिमणी खिडकीतून आत आली, खोलीभर घिरट्या घातल्या आणि पंख्याला आपटून पोरांच्या मधोमध पडली. मेली.

पोरं तिच्याभोवती गोळा झाली. ओमकारने विचारलं, "ती इथं कशाला आली?"

रजनीताई काही बोलायच्या आत दाराजवळून आवाज आला, "तिचं घर इथं व्हतं. कौलात. तुमी मोडलं."

बोलली ती सोनी. वाडीवरची, चार वर्षांची. आठ महिने ती अंगणवाडीत येत होती आणि त्या आठ महिन्यांत आम्ही तिचा आवाज ऐकला नव्हता. रोज येऊन दाराच्या उंबऱ्याशी बसायची, खिचडी खायची, जायची. ताईंनी गाणी म्हटली, चित्रं दाखवली, बाहुली दिली, काही उपयोग नाही. मला ती आवडायची, कारण मला वाटायचं ही माझ्यातली आहे. तिचे आईबाप दर वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. त्या साली आई बाळंत व्हायची होती म्हणून बाप एकटा गेला, आणि मायलेकी वाडीवर राहिल्या. नाहीतर सोनी शिमग्याला आमच्याकडे नसतीच.

ताईंनी चिमणी कागदात घेतली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती मागे पुरली. ताई म्हणाल्या, "आपण मोडलं, तर आपणच बांधून देऊ या का दुसरं?" पोरं एका सुरात हो म्हणाली. त्यांना बांधायचं म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

पहिलं घर चपलांच्या खोक्याचं केलं. दोन दिवसांत वाऱ्याने उडालं. दुसऱ्या खोक्यात मुंग्या झाल्या. ताई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "लाकूडच पाहिजे. मावशी, कुठे मिळेल हो?"

आणि मी, जी कधी कशाला पुढे होत नाही, ती पटकन म्हणाले, "हाय ना. आपल्याच खोलीत हाय."

अंगणवाडीला मागे एक अडगळीची खोली होती. तिच्यात जुना काटा, फुटके डबे, गावच्या मंडळाच्या चटया आणि पताका, असं सगळं पडलेलं असायचं. किल्ली माझ्याकडे. तिथे कोपऱ्यात काथ्याने बांधलेल्या नऊ फळ्या बरीच वर्षं उभ्या होत्या. ऑइलपेंटचे थरावर थर, त्यावर धूळ आणि पालीची घाण. काही फळ्यांना पुढे उंचवटे होते, मागे बारीक खाचा होत्या, त्या मी वाळवीच्या समजले. मला वाटलं, कुठल्यातरी जुन्या दाराखिडक्यांचं टाकून दिलेलं लाकूड आहे. ताईंनी विचारलं, "कुणाच्या आहेत?" मी म्हणाले, "कुणाच्या नाय."

फळ्या टेंपोतून कडावला नेल्या. तिथे एक फर्निचरवाला मशीनवर कापून देतो. त्याने एका फळीचा रंग खरवडला आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, सागवान हाय हे. चिमण्यांना सागवान? माझ्या घराच्या दाराला नाय." मला वाटलं मस्करी करतोय. मी हसले आणि गप राहिले. मी त्याला एवढंच विचारायला हवं होतं की बाबा, ह्या फळ्या तुला कशाच्या वाटतात. अनोळखी माणसाला विचारायचं कसं, म्हणून विचारलं नाही.

भोकाचं माप सोनीने दिलं. ओमकारला मोठं दार हवं होतं, त्याला आत बघायचं होतं. सोनीने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. "येवढंच. मोठं केलंस तर साळुंकी घुसंल." तिचा बाप रानात पाखरं धरायचा, त्यामुळे तिला सगळं ठाऊक. मी त्या गोलाएवढी वस्तू घरभर शोधली, तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण बरोबर बसलं. तेच घेऊन मी कडावला गेले होते.

मग आठ दिवस अंगणवाडीत ठोकाठोकी. तीन-चार वर्षांच्या पोरांच्या हातात हातोडी द्यायची म्हटल्यावर ताई घाबरल्या. मी कपडे वाळत घालायचा चिमटा आणला आणि खिळा त्यात धरायला शिकवलं, म्हणजे बोट लांब राहतं. एकाने चिमटा धरायचा, दुसऱ्याने हातोडी हळू मारायची, बाकीच्यांनी ठोके मोजायचे. त्या आठवड्यात जी पोरं दहाच्या पुढे जात नव्हती ती वीसपर्यंत मोजायला लागली, कारण सागवानात खिळा लवकर जात नाही. प्रत्येकाला पाच खिळे, उरले तर परत. एक दिवस एक खिळा कमी आला. कोणी गिळला तर नाही ना? सगळी खोली उलटीपालटी केली, पोरांची तोंडं उघडून पाहिली. खिळा ओमकारच्या चड्डीच्या खिशात. "आजीला दाखवाया नेतो," म्हणाला.

सोनी उंबरा सोडून मधे येऊन बसली होती. ती हुकूम सोडायची आणि पोरं ऐकायची. रंग लावायचा नाही, वासाने पाखरू येत नाही. भोकाखाली काडी लावायची नाही, तिच्यावर कावळा बसतो. तोंड पावसाच्या बाजूला करायचं नाही. आणि उंचवट्यांची बाजू आत घ्यायची. ताईंना ती बाजू दिसायला बरी म्हणून बाहेर हवी होती. सोनी म्हणाली, "मग पिलू वर चढंल कसं? गुळगुळीतवरनं घसरंल ना."

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांनी शिक्षणात असलं काही वाचलं नव्हतं. उंचवटे आत गेले.

सहा घरं झाली. चार अंगणवाडीच्या छज्ज्याखाली लावली, एक आवारातल्या आंब्याला, आणि सहावं सोनी वाडीवर घेऊन गेली, तिच्या झोपडीच्या आढ्याला बांधायला. मग वाट बघणं सुरू झालं. हे मात्र पोरांना फार जड गेलं. सकाळी आली की सगळी छज्ज्याखाली उभी राहून ओरडायची, "आली का? आली का?" सोनी म्हणाली, "तुमी असं वरडल्यावर कोण येईल?" त्या दिवसापासून पोरं आवाराच्या दारातून पुढे चवड्यावर चालायला लागली. मीसुद्धा डाव पातेल्यावर आपटायचे नाही, हळू टेकवायचे. उन्हाळ्याची सुट्टी झाली. शाळा-अंगणवाड्या उघडल्या तेव्हा दुसऱ्या घरातून गवताची काडी लोंबत होती. पावसाळ्यात चार घरांत चिमण्या होत्या. मी एवढी वर्षं पोरांचं नाक पुसलं, पण पोरांनी मिळून कशाची काळजी घेतली असं पहिल्यांदा बघत होते. मला आनंद व्हायचा, आणि मनात यायचं की लाकूड मी दिलं.

श्रावणात पांडूभाऊजी किल्ली मागायला आले. पांडूभाऊजी म्हणजे आमच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याबरोबर सुतारबाबा होते. ऐंशीच्या घरातले, हातात काठी. ते खालापूरला लेकीकडे राहायला गेले होते, गणपतीपुरते गावी यायचे.

पांडूभाऊजी म्हणाले, "वहिनी, थर्माकोल बंद झालाय. औंदा बाबांचं जुनं मखर काढायचं ठरलंय. जोडणी यांनाच ठावी, म्हणून लवकर बोलवलं."

मी कुलूप काढलं. सुतारबाबा आत गेले, काठीने कोपरा चाचपला, पताका बाजूला केल्या, आणि बाहेर येऊन म्हणाले, "हितं उभं करून ठेवलं व्हतं. काथ्यानं बांधून. नऊ फळ्या."

मला तेव्हा कळलं. लग्न होऊन गावात आले तेव्हा पहिली काही वर्षं मी ते मखर पाहिलं होतं. हात जोडून पाहिलं होतं, पुढून, माळा आणि लाइटी लावलेलं. जोडणी रात्री पुरुष करायचे आणि विसर्जनानंतर सोडवायचेही तेच. आम्ही बायकांनी मखर सुटं झालेलं कधी पाहिलं नाही. मागच्या ज्या खाचा मी वाळवीच्या समजले, त्या कुठली फळी कुठे बसते त्याच्या खुणा होत्या.

 मी छज्ज्याकडे बोट दाखवलं.

पांडूभाऊजी घरांखाली जाऊन मोठ्याने म्हणाले, "हे काय? कुणी केलं?"

ओमकार चवड्यावर चालत आला आणि त्यांना म्हणाला, "हळू बोला ना. आत पिल्लं हायत."

सुतारबाबांनी मान वर केली. डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून काठीचं टोक एका घराला अलगद लावलं. आतून चिवचिवाट झाला. बाबा म्हणाले, "चाळीस वर्सांमागं केलेलं. गणपती बसायचा त्यात. आता चिमण्या हागतायत." मोठ्याने नाही बोलले. मोठ्याने बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी देवळात बैठक झाली. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पांडूभाऊजींचं म्हणणं असं की सहाही घरं काढायची, खिळे उपटायचे, आणि बाबांना विचारून तुकडे जोडता येतात का बघायचं. एक जण मागून म्हणाला, "गणपतीचं घर मोडून चिमण्यांचं बांधलं. पुण्य कुणाला लागलं म्हणायचं?" लोक हसले. दुसरा म्हणाला, ऑफिसात अर्ज द्या, मदतनीस बदलून मागा. ताई उठून सांगायला लागल्या, "कल्पना माझी होती, मावशींना बोलू नका." त्यांनाही दोन शब्द ऐकून घ्यावे लागले.

सुतारबाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुकड्यांचं मखर व्हत नाय. पण लाकूड सागवान हाय, चौरंगाला तरी कामी येईल."

म्हणजे घरं काढायचीच असं ठरायला आलं.  मी उभी राहिले. देवळातल्या बायका वळून बघायला लागल्या, कारण मला उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "फळ्यांचे पैसे मी भरीन. घरं काढू नका." आणि खाली बसले. एवढंच. मला अजून वाटतं की त्यापुढे माफी मागायला हवी होती. ती राहून गेली.

पांडूभाऊजी म्हणाले, "वहिनी, पैशाचं तुमाला झेपणार हाय का?"

मी हो म्हणून मान हलवली.

किंमत सुतारबाबांनी सांगायची ठरलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, "लाकडाचे अकरा हजार." पांडूभाऊजी म्हणाले, आणि मजुरी? कोरीवकाम? बाबा म्हणाले, "मजुरी मला तवाच मिळाली. दोनदा कशाला घेऊ?"

महिन्याला पाचशे असं ठरलं. ताईंनी अर्धे देते म्हणून मला बाजूला घेतलं. मी नको म्हटलं. त्यांनी विचारलं होतं कुणाच्या आहेत, आणि "कुणाच्या नाय" हे मी म्हटलं होतं.

त्या वर्षी गणपती शाळेच्या बाकावर, मागे साडीचा पडदा लावून बसवला. मी दर्शनाला गेले ती शेवटच्या रांगेत. नळावर बायका मला चिमण्यांची आई म्हणायला लागल्या होत्या. काहींच्या बोलण्यात टोमणा असायचा, काहींच्या नसायचा. मला ओळखायला वेळ लागायचा, म्हणून मी सगळ्यांकडेच बघून हसायचे.

सुतारबाबा गणपतीनंतर लगेच खालापूरला गेले नाहीत. एक दिवस अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "खिळं गंजतील गं सूनबाई. दोन पावसाळ्यांत फळी सुटंल. सुतार असं करत नाय." मी म्हटलं, सुतार नव्हता बाबा, पोरं होती. मग त्यांनी एक रिकामं झालेलं घर खाली काढायला लावलं. छपराची फळी उचकून आत हात घातला आणि बोटांनी चाचपत राहिले. त्या उंचवट्यांवर. रंगाच्या थरांखाली भाताच्या लोंब्या कोरलेल्या होत्या. नवं भात आलं की आमच्याकडे दाराला लोंब्या बांधतात, तशाच, एकीवर एक.

"हे आत का घातलं?" त्यांनी विचारलं.

मी सोनीला पुढे केलं. वाटलं, घाबरेल. ती त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "पिल्लाला पाय ठेवाया."

बाबांनी पुन्हा त्या लोंब्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी नुसतं शोभेला काढलं व्हतं." त्यांनी माझ्याकडून चाकू मागून घेतला. बांबूच्या बारीक खुंट्या तासल्या, आणि खिळे काढून त्या कशा बसवायच्या ते पोरांना दाखवलं. पाच घरं तशी दुरुस्त व्हायला आठवडा लागला. त्यांचा राग गेला होता असं मी म्हणणार नाही. जाताना मला म्हणाले, "विचारायला पायजे व्हतंस." मी हो म्हटलं.

दिवाळीनंतर सोनीचं बिऱ्हाड भट्टीवर निघालं. ट्रक वाडीखाली उभा होता. भांडी, गोधडी, कोंबड्या, तान्हा भाऊ, आणि त्या सगळ्यावर सोनी, मांडीवर चिमणीचं घर. तिच्या आईला मी म्हटलं, अगं राहू दे आढ्याला, पुन्हा पाखरू येईल. आई म्हणाली, "ऐकत नाय ती. तिथं पण चिमन्या असतील म्हनते." मी ट्रक वळेपर्यंत उभी होते. हे आमच्या कामातलं दर वर्षीचं होतं. हजेरीपुस्तकात वाडीवरच्या पोरांच्या नावापुढे तिथून पुढे नुसत्या रेघा. पाच-सहा महिने जे वजन वाढवायचं ते भट्टीवर उतरून परत यायचं, आणि पुन्हा खिचडीपासून सुरुवात.

पावसाच्या तोंडावर ती परत आली. उंच झाली होती, रोड झाली होती, केस विटांच्या धुळीने लाल. आल्या आल्या छज्ज्याखाली जाऊन चारही घरं बघितली. मी विचारलं, "तुझं घर कुठाय गं?"

"जळालं," ती म्हणाली. "थंडी व्हती. फाटी नव्हती. आयेनं चुलीत घातलं. भात शिजवला."

तिने ते असं सांगितलं की जणू ते घर चुलीसाठीच होतं. तिची आई मागे उभी होती, तिने नजर खाली केली. मी आईला काही बोलले नाही. थंडीत तान्हं पोर घेऊन बसलेल्या बाईला सागवान आणि जळण यात फरक करायला सांगणारी मी कोण? माझ्या मनाला मात्र ते लागलं, हे खोटं का बोलू. त्या फळीचे पैसे मी अजून भरत होते.

हप्ते सरळ गेले असं नाही. आमचं मानधन कधी दोन-दोन महिने यायचं नाही, मग पाचशे राहून जायचे. आलं की दोन हप्ते एकदम द्यायचे. लावणीच्या दिवसांत दुपारनंतर मजुरीला जायचे. पांडूभाऊजींनी कधी मागायला माणूस पाठवला नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. मी गेले की ते वही काढायचे, पैसे मोजायचे, आणि म्हणायचे, "चहा घ्या वहिनी." मी कधी घेतला नाही. देणं फिटेपर्यंत त्यांच्या घरचा चहा घशाखाली उतरला नसता.

त्याच्या पुढच्या वर्षी आषाढात शेवटचा हप्ता आला. सोनी त्या जूनपासून पहिलीत जायला लागली होती. आई भट्टीवर गेली तर तिला आजीकडे ठेवायचं ठरलं होतं. टिकेल तितकं खरं. छज्ज्याखाली दुसऱ्या पिढीच्या चिमण्या होत्या आणि नवीन आलेली पोरं कोणी न सांगता चवड्यावर चालत होती.

मी पाचशेची नोट पदराच्या टोकाला बांधून पांडूभाऊजींकडे गेले. ओटीवर सुतारबाबा बसले होते, त्या साली गणपतीच्या बऱ्याच आधी आलेले. त्यांनी पावलांच्या आवाजावरून मला ओळखलं.

पांडूभाऊजींनी वही काढली आणि म्हणाले, "वहिनी, हा शेवटचा राहू द्या. मंडळाच्या पोरांनीच ठरवलं. सहावं घर जळालं म्हणे. त्याचे पैसे तुमच्याकडनं घेऊन आमी काय करू?"

मी नोट त्यांच्या वहीवर ठेवली.

"अहो वहिनी, खरंच."

मला बोलायला नेहमीसारखा वेळ लागला. ते थांबले, आणि बाबाही थांबले. मी म्हणाले, "पाचशे जरी राहिले भाऊजी, तरी तेवढी फळी तुमची राहील. मग उद्या कोणीतरी चौरंगाला मागंल."

पांडूभाऊजी हसायला लागले. बाबा हसले नाहीत. काठी जमिनीवर टेकून म्हणाले, "घे रं पांडू. बरोबर बोलते ती."

पांडूभाऊजींनी नोट घेतली, पुन्हा एकदा सगळे हप्ते वरून खाली मोजले, आणि पेन उघडलं. "काय लिहू? मखराचे पैसे पूर्ण मिळाले?"

मी म्हणाले, "सहा घरांचे लिहा."

"सहाचे? जळालेल्याचे पण?"

"त्याचे पण. त्यात भात शिजला."

त्यांनी तसंच लिहिलं. सहा घरांचे पैसे पूर्ण मिळाले. खाली मला सही करायला सांगितली. मी वही तिरकी केली नाही, आणि माझं नाव त्या एका ओळीवर सरळ आलं. मग मी त्यांच्या घरचा चहा घेतला.